मोरपंखी, तिसऱ्या पानावरचा

आज सकाळी आमच्या चाळीच्या जिन्यावरून शेजाऱ्यांचा एक खोका वर चढला. चढला म्हणजे चढवला. दोन माणसं वरून ओढतायत, दोन खालून रेटतायत आणि मधे तो भला थोरला पुठ्ठा, त्याच्यावर चारी बाजूंनी काचेच्या ग्लासाचं चित्र. वळणावर अडकलाच. त्या वळणावर आमच्याकडची कपाटं अडकतात, फ्रीज अडकतात, एकदा नवरदेवाचा फेटाही अडकला होता. मी दारात उभी राहून "उभाच धरा, आडवा नका करू" अशा सूचना देत होते. टीव्ही आडवा करायचा नसतो, हे आता मला कळतं. तीन वर्षांपूर्वी काही कळत नव्हतं.

ऑक्टोबर आला की काळाचौकीत हे असे खोके दिसायला लागतात. देवी उठलेल्या असतात, दिवाळी यायची असते, आणि पेपर उघडावा तर पहिल्या पानावर बातमी म्हणून नाही, नुसते टीव्ही. बाकी महिना कसला मेला, नुसता जीव नकोसा करणारा. पत्रा तापतो, मानेवर घामोळं उठतं, नळाचं पाणीसुद्धा कोमट. पण या महिन्याचा उजेड मात्र मला आवडतो. पावसाने धुतलेल्या आकाशातून तो सरळ आमच्या गॅलरीत उतरतो आणि ज्या वस्तूवर पडतो तिचा खरा रंग दाखवतो. हे माझं निरीक्षण नाही. हे मला मामांनी शिकवलं.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या कोकणातल्या घरांत सासऱ्यांना मामाच म्हणतात. लालबागच्या एका गिरणीत, रंगखात्यात, त्यांनी उभा जन्म शेड जुळवण्यात घालवला. म्हणजे असं, की आधी रंगवलेल्या कापडाचा नमुना एका हातात आणि नवीन लॉटचा तुकडा दुसऱ्या हातात धरायचा, आणि सांगायचं की यात पिवळा चिमूटभर कमी पडलाय. त्यांनी मान हलवल्याशिवाय कापड खात्यातून पुढे जायचं नाही. त्यांचा नियम एकच होता. रंग बघायचा तो उत्तरेच्या खिडकीत, दहा ते दोनच्या मधे. दिव्याखाली रंग बघणाऱ्या माणसावर त्यांचा आजही विश्वास नाही.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी दादरच्या मॅचिंग सेंटरमधून ब्लाउजपीस आणला होता. मोठ्या हौसेने साडीवर ठेवून दाखवला. मामांनी चहा पिता पिता एकदा बघितलं आणि म्हणाले, "हा हिचा नव्हे." मला असा राग आला होता, विचारू नका. मोरीत जाऊन रडलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी गॅलरीत साडी वाळत घातली, शेजारी तो तुकडा धरला, आणि खरंच तो तिचा नव्हता. तेव्हापासून या माणसाच्या डोळ्यांशी मी कधी वाद घातला नाही. कदाचित तिथेच माझं चुकलं.

गिरणी बंद झाली तेव्हा मामांनी तिथून एकच गोष्ट आणली, ती म्हणजे शेडबुक. जाड पुठ्ठ्याची वही, प्रत्येक पानावर कापडाचे सहा तुकडे डकवलेले. आमसुली, गुलबक्षी, शेवाळी, डाळिंबी, अंजिरी. कुठल्या पानावर कितवा तुकडा ते त्यांना तोंडपाठ. माझी मुलगी सई लहान असताना ती वही उघडून त्यांची परीक्षा घ्यायची. "आजोबा, पाचव्या पानावरचा चौथा?" की मामा डोळे मिटून सांगणार, "राखाडी, पण निळ्या घरातला." सई टाळ्या पिटायची.

तर तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात मामांनी जाहीर केलं की आपला टीव्ही बिघडला. म्हणाले, रंग उडालेत आणि मधोमध डाग पडलाय. मी बघितलं, सईने बघितलं, आम्हाला काही डाग दिसेना. मेकॅनिकला बोलावलं. त्याने मागून पुढून तपासलं, पुसलं आणि म्हणाला, "ताई, पॅनल एकदम ओके आहे." मामा चिडले. चिडले किंवा घाबरले की ते मालवणीवर येतात. "ह्येका काय कळता? मधी डाग आसा, माका दिसता तो." मेकॅनिक माझ्याकडे बघून हसला आणि निघून गेला. मीही मनातल्या मनात म्हटलं, म्हातारपण, दुसरं काय.

मी परळच्या एका लॅबमध्ये काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्ताच्या काचा बघते. निळा डाग कुठे, जांभळा कुठे, यावर माझं पोट चालतं. आणि माझ्या घरातला माणूस सांगतोय की मधे डाग दिसतो, तेव्हा मी टीव्ही पुसायचं फडकं शोधत होते. याची मला अजून लाज वाटते.

सई तेव्हा अकरावीत होती. तिला आजोबांची तक्रार म्हणजे आयतंच मिळालं. तिचा बाप बोटीवर असतो, सहा महिने पाण्यात, चार महिने घरात. त्याने येताना लेकीला गेम खेळायचं यंत्र आणलं होतं आणि जुन्या टीव्हीवर ते म्हणे गुदमरत होतं. तिने वही काढली. एकशेवीस हर्ट्झ, गेम मोड, दोन तरी चांगले पोर्ट, आणि ओएलईडी, त्यात म्हणे काळा अगदी काळाकुट्ट दिसतो. मला समजावून सांगायची, "आई, मी बटण दाबल्यावर माणसाने लगेच उडी मारली पाहिजे. या टीव्हीत तो विचार करून मारतो." मी म्हटलं, विचार करून उडी मारलेली काय वाईट. तिने कपाळाला हात लावला.

खरेदीच्या आधी आम्ही मापं घेतली. आमची खोली दहा बाय पंधरा, त्यात मोरी, ओटा आणि मामांची खाट. सईने कुठेतरी वाचलं होतं की टीव्हीच्या मापाचे पेपर भिंतीला चिकटवून बघायचे. चिकटवले. पन्नासचा एक, पंचावन्नचा एक. चार दिवस आम्ही जेवताना त्या पेपरांकडे बघत होतो. मी ओट्यापाशी उभी राहून बघितलं, सईने जमिनीवर बसून बघितलं, शेजारच्या वहिनींनी दारातून बघितलं, कारण आमच्याकडे टीव्ही समोरून असा कोणी बघतच नाही, प्रत्येक जण आपल्या कामाच्या जागेवरून तिरका बघतो. मामा खाटेवर बसून पेपराकडे बघत म्हणाले, "ह्याच्यापेक्षा मोठा नाही येत?" सई खूश. मला वाटलं, नातीची बाजू घेतायत. त्या दिवसांत ते पेपरातले फक्त मथळे वाचून घडी घालत होते, कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवत होते, आणि दारात कोणी आलं की ते बोलेपर्यंत हसत नव्हते. या तिन्ही गोष्टी मी पाहिल्या होत्या. पाहून काय उपयोग, एकत्र कुठे केल्या.

रविवारी सकाळी आम्ही तिघं दुकानात गेलो. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि काखेत शेडबुक घेतलं. "टीव्हीचा रंग बघायचा तर पुरावा नको?" म्हणाले. दुकानात भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर तेच ते, पोपट, कापलेली कलिंगडं, रंग उधळणाऱ्या बायका. एवढं लाल कलिंगड मी जन्मात कापलं नाही. सई विक्रेत्याला हर्ट्झवरून छळत होती. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, आपकी बेटी तो मेरा इंटरव्ह्यू ले रही है," आणि मग मराठीत, "बसा ना काका तुम्ही."

काका बसले नाहीत. त्यांनी विचारलं, "हा टीव्ही दाराशी नेता येईल? उजेडात बघायचाय." विक्रेता हसायच्या बेतात होता, पण मामांचा चेहरा बघून थांबला. तारा आहेत, हलवता येणार नाही, म्हणाला. "मग इथेच बघू," म्हणून मामांनी शेडबुक उघडलं. पडद्यावर एक मोर पिसारा फुलवत होता, तो त्यांना सईने सांगितला. मामा पडद्याच्या अगदी जवळ गेले. मग वहीकडे न बघता त्यांनी पानं मोजली, एक, दोन, तीन, आणि दुसऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"हा बघा मोरपंखी. तिसऱ्या पानावरचा दुसरा. तुमचा मोर निळ्याकडे गेलाय."

बोट खाकीवर होतं.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. त्याच वर्षी पावसात पोटमाळा गळला होता आणि शेडबुक भिजलं होतं. तुकडे सुटून आले. मामा तेव्हा गावी होते. मी आणि सईने ते तुकडे वर्तमानपत्रावर वाळवले आणि पुन्हा डकवले. पण कोणता कुठे होता ते आम्हाला काय ठाऊक. सईने तिच्या मनाने छान दिसतील तसे लावले आणि मी खळ लावून दाबले. मामांना सांगू सांगू म्हणत राहूनच गेलं. वही पेटीत गेली ती त्या दिवशीच बाहेर आली होती.

विक्रेत्याने खाकीकडे बघितलं, मोराकडे बघितलं, तोंड उघडलं. सईने त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने ते मिटलं. मग ती मऊ आवाजात म्हणाली, "हो आजोबा, निळ्याकडेच गेलाय." आणि मीही म्हटलं, "अगदी बरोबर, मामा. तुमच्या नजरेतून काही सुटायचं नाही." पडद्यावर डाग नव्हताच. तो कुठे होता हे मला त्या क्षणी कळलं.

मामांचं बोट त्या तुकड्यावर तसंच होतं, हलकेच फिरत होतं. मग त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "चला. आज नको."

टॅक्सीत ते पुढे बसले. लालबागच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागे न वळता म्हणाले, "उद्या माका डॉक्टराकडे घेवन चल गो." दोन वर्षं मी चष्म्याचा नंबर तपासून या म्हणून मागे लागले होते आणि ते उडवून लावत होते. त्या दिवशी स्वतःहून कसे तयार झाले, हे कोडं मला तीन वर्षं पडलेलं होतं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने चौकटींचा एक कागद दाखवला आणि विचारलं, काय दिसतं. मामा म्हणाले, "कडेच्या चौकटी शाबूत. मधल्या विरघळल्यात. रंग कच्चा निघाला." ती हसली, मग समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत जिथे नजर एकवटते तो भाग झिजलाय. मोतीबिंदू असता तर काढला असता. हे परत येणार नाही, फार तर सावकाश जाईल. कडेने दिसत राहील. मोठं दिसेल, ठळक दिसेल, नुसतं बघायची पद्धत बदलायची. मामांनी एकच विचारलं, "रंग?" ती म्हणाली, "कमी कमी होत जातील, आजोबा." त्यांनी मान हलवली, जशी खात्यात हलवत असतील, लॉट पुढे जाऊ दे म्हणून. मी बाहेर येऊन औषधाच्या दुकानापाशी तोंड फिरवून रडले.

त्या ऑक्टोबरात टीव्ही पुन्हा पहिल्यापासून बघायला सुरुवात झाली, पण आता सईच्या वहीत पानं उलटी झाली होती. आजोबा तिरके बघणार, म्हणून बाजूने रंग न फिकटणारा. गॅलरीचा उजेड आत येतो, म्हणून आरशासारखा न चमकणारा. एका फुटावरून बघणार, म्हणून मोठा. तिचा तो लाडका ओएलईडी आमच्या दुपारच्या उजेडात आरसा झाला असता, माझंच तोंड मला दिसलं असतं. तो तिने स्वतःच्या हाताने खोडला. मी म्हटलं, अगं, तुला काळा अगदी काळाकुट्ट हवा होता ना? ती म्हणाली, "राखाडी चालेल, आई. निळ्या घरातला."

टीव्ही आला, वळणावर अडकला, सुटला, भिंतीवर चढला. दुकानातला भडकपणा सईने पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन उतरवला, आणि मामांसाठी वेगळा ठळक मोड करून त्याला आजोबा असं नाव दिलं. मामा टीव्हीकडे तोंड करून बसत नाहीत. मोरीच्या भिंतीकडे तोंड करून बसतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात. पाहुण्यांना वाटतं रुसलेत.

आणि खेळ. खेळाच्या सेटिंगमध्ये कुठेतरी खोलवर अशी सोय असते, हे सईला तेव्हाच सापडलं. ती चालू केली की सगळं जग करडं होतं, आपला माणूस पिवळाधमक आणि शत्रू लालभडक. जंगलातून घोड्यावर जायचा एक खेळ आहे, तो आजोबा आणि नात खेळायला लागले. दुपारी कॉलेजातून आली की हा धंदा. घोडा आजोबांकडे, तलवार हिच्याकडे. मी ओट्याजवळून ऐकत असते.

"डावीकडे घ्या आजोबा, नदी आहे."

"नदीचा रंग काय?"

"हिरवा."

"हिरवा हा रंग नव्हे गो, ते खातं आहे. त्यातला कोणता ते बोल."

मग सईला घोडा थांबवून, ते ठळक सेटिंग बंद करून, नदीकडे नीट बघावं लागतं. शेवाळी, पण वर पिवळ्याची झाक. मामा खूश होतात. शत्रू तोवर येऊन दोघांना मारून जातो. तीन वर्षांत त्यांनी तो खेळ संपवलेला नाही. पण माझ्या पोरीला आज अंजिरी आणि आमसुलीतला फरक कळतो, तो तिच्या वयाच्या किती जणींना कळतो मला सांगा.

सई आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामांच्या डोळ्यांचा कडेचा उजेडही हळूहळू कमी होतोय. आज तो शेजारचा खोका वर गेला, आणि थोड्या वेळाने वहिनी बोलवायला आल्या, "मामांना म्हणावं, जरा येऊन रंग बघून द्या आमच्या टीव्हीचा." चाळीत अजून मामांचाच शब्द चालतो. मामा म्हणाले, "येतो. शेडबुक काढ गो."

मी पेटीतून वही काढली आणि माझे हात थांबले. तीन वर्षं मनात ठेवलेलं एकदम तोंडात आलं. म्हटलं, मामा, एक सांगायचंय. या वहीतले तुकडे आम्ही चुकीचे लावलेत. भिजली होती तेव्हा.

"ठाऊक आहे," मामा म्हणाले.

मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसलेच. कधीपासून, विचारलं.

"दुकानात. बोट ठेवलं तेव्हाच कळलं. मोरपंखी पातळ पॉपलिनवर होता. बोटाखाली जाडं ड्रिल आलं. ड्रिल म्हणजे खाकी, दुसरा रंग आम्ही चढवलाच नाही त्याच्यावर."

"मग तेव्हाच का नाही बोललात? आमच्यावर ओरडायचं तरी."

"ओरडणारच होतो. म्हटलं, मला दिसत नाही हे तुम्हाला कुठे कळलंय, तुकडा हलला म्हणून सांगू आणि वेळ मारून नेऊ. पण तेवढ्यात तुम्ही दोघी गोड बोलायला लागलात. आपल्या घरात इतकं गोड कोण बोलतं? तू तर लग्न होऊन आल्यापासून एकदाही माझी नजर वाखाणली नव्हतीस. म्हटलं, म्हणजे झालं. कळलं यांना."

त्यांनी माझा हात शोधला, दोनदा थोपटला आणि म्हणाले, "किती वाजले?"

साडेअकरा.

"मग चल. दोनच्या आत होईल."

आमच्या गॅलरीचं तोंड उत्तरेला आहे. तिथे चटई टाकली. वहिनींच्या टीव्हीने वाट बघितली. मी ओलं फडकं लावून एकेक तुकडा सोडवत होते आणि मामांच्या हातात देत होते. ते तर्जनी आणि अंगठ्यात धरून चोळत, कापड सांगत. मी उजेडात धरून रंग सांगत होते. केंब्रिक. गुलबक्षी. मग ते पान सांगत, जागा सांगत, आणि मी खळीचं बोट फिरवून चिकटवत होते. मलमल, मोतिया. मांजरपाट, गेरू. वेळ सरकत होता, शेजारी टीव्हीवरची बाई मोठ्याने बातम्या सांगत होती.

एक पॉपलिन आलं. मामांनी ते जरा जास्त वेळ हातात ठेवलं. "हा काय?"

"मोरपंखी," मी म्हटलं.

"तिसरं पान, दुसरा." तुकडा परत माझ्या हातात देऊन म्हणाले, "निळ्याकडे गेलाय का बघ. गोड बोलू नको, खरं सांग."

मी तो कठड्यापाशी नेला. उजेडात धरला, सरळ बघितला, तिरका बघितला, त्यांनी शिकवला तसा.

"गेलाय, मामा. थोडासा."

"जाणारच," ते म्हणाले. "इतकी वर्षं झाली. चिकटव."